पालूबाईंचा घास

गुंडीनं तोंड मिटून घेतलं. नुसतं मिटलं नाही. दोन्ही ओठ आत ओढून त्यांची एक बारीक रेघ करून टाकली आणि मान वर करून स्वयंपाकघरातल्या ट्यूबलाइटकडे बघत बसली. मऊ भाताचा चमचा तिच्या हनुवटीपाशी अधांतरी राहिला. "आ कर ग माझी बाय," चमचा धरणारी तिची आई म्हणाली, "बघ हं, आता येतील पालूबाई. आल्या, आल्या, आल्या..." पालूबाई आल्या नाहीत. गुंडी भिंत धरून चालायची, खालचे-वरचे मिळून मूठभर दात होते, आणि बोलण्यात जेमतेम एकच शब्द होता, "पाऊ". तोही या पालीचा. दुसऱ्यांची पोरं चिऊकाऊच्या नावानं घास खातात, पण या घराच्या खिडकीशी चिऊ येत नव्हती की काऊ, आणि आली असती तरी बारीक जाळीतून धड दिसली नसती. तेव्हा जी घरात होती तिच्याच नावाचा घास. दिवेलागणीला ट्यूब लागली की पट्टीमागून ती फिकट, जवळजवळ आरपार दिसणारी पाल पुढं सरकायची, भिंतीवर टेकलेल्या डासावर नजर लावून बसायची आणि मग एकदम फट्! पालूबाईंचा घास झाला की गुंडीचं तोंड आपोआप उघडायचं. एक तिचा, एक हिचा. मोठ्या माणसांना न विचारता दोघींनी आपसांत केलेला हा करार होता, आणि आज गुंडी तो पाळत होती. पालूबाई जेवल्या नाहीत, तर तीही जेवणार नव्हती.

चमचा धरलेला हात अवघडला तेव्हा गुंडीच्या आईच्या ध्यानात आलं, की या घरात कुणी टाळी वाजवल्याला किती दिवस झाले. डास मारायची टाळी. आधी संध्याकाळभर घरात कुठून ना कुठून ती वाजायचीच. खिडक्यांना जाळ्या असल्या म्हणून काय झालं, घरातलेच डास होते ते, फ्रीजमागच्या ताटलीत, कुंडीखालच्या बशीत जन्मलेले. तिची स्वतःची आई, गुंडीची आजी, भांडी घासता घासता ओल्या हातांनीच टाळी वाजवायची आणि फेसाचे शिंतोडे उडायचे. ती टाळी कधी बंद झाली हे कुणालाच कळलं नव्हतं. काल सकाळी शेगडीच्या मागच्या फरशीवर पालूबाई दिसल्या होत्या, उजेडात, ज्या वेळी त्या कधी दिसत नाहीत अशा वेळी. कमरेची हाडं वर आलेली. करंगळीसारखी भरलेली शेपूट सुतळीएवढी राहिलेली. शेपूट म्हणजे पालीची कोठी, खायला मिळेनासं झालं की ती आधी शेपूट खाली करते, हे तिला ठाऊक होतं. पण काल घाईत होती, म्हणून बघून न बघितल्यासारखं केलं होतं. आता ते परत डोळ्यांपुढं आलं, आणि दूध उतू जायच्या आधी भांडं क्षणभर गप्प होतं ना, तसं तिच्या आत काहीतरी गप्प झालं. हे आपण केलंय, असं तिला वाटलं. मोरीशी उभी असलेली तिची आई पाठ न वळवता म्हणाली, "नसेल तिला भूक. सारखं काय कोंबायचं पोरीच्या तोंडात!"

गुंडीची आई डास पाळायची. काय करतेस, असं कुणी विचारलं तर खरं उत्तर हेच होतं, पण देताना जीभ अडखळायची, म्हणून ती म्हणायची, आरोग्य खात्याच्या प्रयोगशाळेत आहे. तिच्या नवऱ्याची जीभ मात्र अडखळत नसे. तो जहाजावर असायचा, महिनोन्‌महिने, आणि फोनवर शेजारच्या खलाशांना ऐकू जाईल अशा बेतानं सांगायचा, "आमची बायको डासांची सुईण आहे!" आणि खरंच होतं ते. प्रयोगशाळेच्या मागच्या अंगाला एक खोली होती, बारा महिने कोमट आणि ओली, शिरताना दोन दारं, आणि दोन दारांच्या मध्ये भिंतभर आरसा, केसांत, पाठीवर कुणी बसून बाहेर येत नाही ना ते बघायला. आत पांढऱ्या जाळीचे पिंजरे. प्रत्येक पिंजऱ्याच्या एका बाजूला हात घालायला कापडी बाही शिवलेली. पाण्याच्या पसरट तबकांत अळ्या वळवळत नाचायच्या, त्यांना माशांचं खाणं कुटून घालायचं. अळ्यांचे कोष झाले की त्यांना दोन काचांच्या फटीतून सोडायचं; बारके खाली उतरतात ते नर, जाडे वर अडकतात त्या माद्या. नर कुणाला चावत नाही, साखरपाण्यावर जगतो. त्या नरांवर काही उपचार करून त्यांना बाप होण्यापासून कायमचं मोकळं करायचं आणि शहरभर सोडून द्यायचं. बाहेरची मादी बहुतेक करून आयुष्यात एकदाच जोडीदार घेते. तो असा भेटला की तिनं घातलेली अंडी अंडीच राहायची. प्रयोगशाळेत त्या नरांना सगळे जावई म्हणत. जावयांचे डबे गाडीत घालून गल्लोगल्ली सोडून येणारा ड्रायव्हर, म्हणून तो व्याही. आणि ती, जावयांना लहानाचं मोठं करणारी, म्हणून तिला विहीणबाई. "काय विहीणबाई, आज किती जावई?" "मोजून घ्या व्याहीबुवा, मागाहून कमी पडले म्हणून रुसू नका." असं रोज सकाळी, कित्येक वर्षं.

आणि माद्यांना रक्त लागायचं. आता यंत्र होतं, कोमट रक्तावर पातळ पडदा ताणलेलं, पण ती कामाला लागली तेव्हा हात होते. माणसांचे हात, पाळीपाळीनं. "आज कुणाचा हात?" असं सकाळी विचारलं जायचं आणि ज्याची पाळी तो बाही वर करून पिंजऱ्याशी बसायचा, एखाद्यानं बसस्टॉपवर बसावं तसा. माद्या शुद्ध असायच्या, जन्मात ताप न बघितलेल्या. आदल्या संध्याकाळी पिंजऱ्यातला साखरपाण्याचा बोळा काढून ठेवायचा, म्हणजे सकाळी त्या भुकेल्या असायच्या आणि मन लावून प्यायच्या. पहिल्यांदा तिला शिसारी आली होती. मग सवय झाली. मग, कुणाला सांगता येणार नाही असं, ते आवडायला लागलं होतं. मनगटाला त्यांचे पाय टेकताना काही वाटायचं नाही, इतके हलके. पोटं हळूहळू लाल, टपोरी होत जायची आणि त्या जड होऊन उठायच्या, ताटावरून कष्टानं उठणाऱ्या बायकांसारख्या. गुंडीच्या वेळी दिवस गेले तसे मोठ्या बाईंनी, म्हणजे प्रयोगशाळेच्या मुख्य होत्या त्यांनी, तिचा हात बंद केला. तोवर यंत्रही आलं होतं. बाळंतपणानंतर पहिल्यांदा ती खोलीत शिरली, ती कोमट हवा अंगाला लागली, माद्यांचा तो बारीक, ताणलेला सूर कानात गेला आणि तिला पान्हा फुटला. कुडता पुढून ओला झाला. ती दोन दारांच्या मध्ये आरशापुढं उभी राहून हसली होती, मग थोडी रडलीही होती. चावते ती आईच फक्त, बापाला रक्त लागत नाही, पोटातल्या अंड्यांसाठी तेवढं हवं असतं, हे तिनं कॉलेजातच पाठ केलं होतं. पाठ केलेलं अंगात उतरायला इतकी वर्षं लागली होती.

पण हे सगळं ती या घरात कुणाजवळ बोलणार? या घराला दादा होता. ती पहिलीत आणि तो पाचवीत असताना त्याला ताप आला, अंगावर बारीक तांबडे ठिपके उठले, आणि चौथ्या की पाचव्या दिवशी, ताप उतरला म्हणून सगळ्यांनी हुश्श केल्यावर, त्याचं पोट फुगायला लागलं. दवाखान्यातल्या त्या लांब खोलीची तिला आठवण होती ती तुकड्यातुकड्यांची: लोखंडी खाटेचा गार पाय, सलाइनच्या नळीतला बुडबुडा, आणि दादाचा आवाज. "आई, एक घास दे ना. एकच." डॉक्टरांनी तोंडानं काही द्यायचं नाही म्हणून बजावलं होतं, आतून रक्त जात होतं. शेजारच्या खाटेवरच्या मुलाला त्याची आई भात भरवत होती आणि दादा तिकडे बघत होता. आई पदरात डबा घेऊन बसली होती. डबा उघडला नाही तिनं. पुढं कुणी बोलायला आलं, की गेला असं आई कधी म्हणायची नाही. "उपाशी गेला," म्हणायची. दोन्ही शब्द नेहमी जोडीनं. आणि तेराव्याच्या आत तिनं सुतार बोलावून घराच्या एकूण एक खिडकीला जाळी ठोकून घेतली होती, बिजागरीची नव्हे, चौकटीत स्क्रूनं पक्की आवळलेली. वर रंगाचे हात बसत गेले तसे स्क्रूही दिसेनासे झाले. लेकीनं मोठी होऊन डास पाळायची नोकरी धरली तेव्हा आई बरेच दिवस तिच्याशी धड बोलली नव्हती. एके संध्याकाळी मग भाजी निवडता निवडता तिनं विचारलं, "म्हणजे तुम्ही त्यांची जातच संपवणार?" "या शहरातली तरी." "सगळी?" "सगळी." आईनं मान हलवली आणि भाजी निवडत राहिली. तेव्हापासून लेक घरी आली, चपला काढल्या, की आईचा एकच प्रश्न असायचा, जसं दुसऱ्या घरात चहा टाकू का विचारतात: "संपली का ग?" आणि हिचं उत्तर: "होत आलंय, आई."

दुसऱ्या दिवशी मोठ्या बाईंनी तिला खोलीत बोलावून बसायला सांगितलं. मोठ्या बाई बसायला सांगत ते काहीतरी संपल्यावरच. "सापळ्यांत गेल्या पावसापासून एकही मादी नाही," त्या म्हणाल्या. "मुलांच्या वॉर्डात यंदा या तापाची एक खाट भरली नाही. एकही नाही, कळतंय ना तुला? वरून सांगितलंय, आता इथला साठा ठेवायचा नाही. एखादी निसटली तर सगळं मुसळ केरात. उद्या दुपारपर्यंत खोली रिकामी कर. पिंजरे डीप फ्रीझरमध्ये, अंड्यांच्या पट्ट्या उकळत्या पाण्यात." तिनं मान हलवली. मग ती नको ते बोलून गेली. "बाई, एक पिंजरा ठेवला तर?" "कशासाठी?" कशासाठी, ते तिला नीट सांगता येईना. तिनं पालीचं सांगितलं. सांगता सांगता कानशिलं तापली. उभ्या शहरातल्या मुलांच्या तापापुढं एका पालीची शेपूट! मोठ्या बाई हसल्या नाहीत. चष्मा काढून त्यांनी डोळ्यांच्या कडा चोळल्या. "तळ्याकडची, पाखरं-किडे मोजणारी माणसंही आलीच होती," त्या म्हणाल्या. "चतुर कमी दिसतात म्हणे. वटवाघळं आधीसारखी थव्यानं निघत नाहीत. ते आपल्यामुळं, की तळ्याकाठी इमारती झाल्या त्यामुळं, की उन्हाळा लांबतोय त्यामुळं, हे त्यांना सांगता येत नाही, मलाही येत नाही. आपण सुरू केलं तेव्हा मी भाषणात म्हटलं होतं, डासांच्या शेकडो जातींतली एक जाईल, बाकीच्या आहेतच की खायला. चुकीचं नव्हतं ते. पण पूर्ण माहीत होतं असंही नाही. माहीत नसताना केलं. पोरं मरत होती म्हणून केलं." आणि चष्मा परत चढवून, "पुन्हा केलं असतं. पण झोप लागली असती असं नाही म्हणणार."

बाहेर अंगणात व्याही गाडी धूत होता. "विहीणबाई, आपली सोयरीक तुटली म्हणायची," तो म्हणाला. "आता मला पाण्याच्या टँकरवर टाकणार आहेत. इतके जावई पोचवले गावात, एकानं नातवंडाचं तोंड दाखवलं नाही." ती हसली. तो पाइप खाली ठेवून म्हणाला, "आमच्या चाळीच्या पिंपात दुसरेच आलेत हो. जाडे, ढब्बू. पहाटे चावतात. टाळी मारली तर हलत पण नाहीत, निवांत मरतात." "त्यांनी ताप नाही येत," तिनं सांगितलं. "तेच मी बायकोला सांगितलं. तर ती म्हणते, खाजेचं काय?" जागा मोकळी राहत नाही, हे ती मनातल्या मनात म्हणाली, पिंप ओलं असेल तर कुणीतरी येणार, आणि येणारा काय घेऊन येईल ते येऊन गेल्यावर कळणार. पालूबाईंना हे ढब्बू चालतील का? पण ते पिंपातले, बाहेरचे, आणि घराला जाळ्या. दिवसभर असेच कोड्यासारखे एकातून एक प्रश्न निघत राहिले. तिनं तबकं रिकामी केली, काचा धुऊन पुसून उभ्या केल्या. संध्याकाळी दिवे मालवताना पिंजऱ्यांवरून हात फिरला, रोजची कामं रोजच्या ओघात झाली, आणि आरशापुढं वळून पाठ बघताना तिला वाटलं, उद्यानंतर हा आरसा कुणाला काय दाखवणार.

त्या संध्याकाळीही गुंडी जेवली नाही. "पाऊ?" ती ट्यूबकडे बोट करून विचारायची, मग आईकडे बघायची, मग आजीकडे, जणू दोघींपैकी कुणीतरी लपवून ठेवलीय. केळं थुंकलं, भात मुठीनं खाली टाकला. शेवटी पाजायला घेतलं तर तेवढं मात्र प्यायली, तेही डोळे वर लावून. आईनं खाली सांडलेली शितं फडक्यानं गोळा केली. "संपली का ग?" तिनं विचारलं. "उद्या," लेक म्हणाली. "उद्या माझ्याच हातानं." आई फडकं पिळत थबकली. मग लेकीनं विचारायचं म्हणून विचारलं, "आई, एका पिंजऱ्यापुरती राहिली असती तर? नुसती कोंडलेली?" "कशाला राहायला हवीय?" "ती पाल बघितलीस? वाळत चाललीय. तळ्यावर चतुर नाहीत म्हणतात, वटवाघळं..." "मरू देत," आई म्हणाली. आवाज चढला नव्हता. त्याचाच त्रास झाला. "पाल मरू दे. पाखरं जाऊ देत. तळं आटायचं तर आटू दे. त्याच्या एका श्वासासाठी मी सगळं दिलं असतं, हे घर, ही खिडकीतली हवा, सगळं. तेव्हा कुणी विचारलंच नाही मला, काय देतेस म्हणून. आता तू विचारतेस." आणि जाळीपाशी जाऊन उभी राहिली. जाळीच्या पलीकडे संध्याकाळ होती, चौकोनी बारीक तुकड्यांची. पोरीच्या डोक्यावरून हात फिरवता फिरवता लेकीच्या मनात आलं, की आईचं बरोबर आहे. आपणही असंच म्हटलं असतं. गुंडीच्या एका श्वासासाठी सगळी वटवाघळं, सगळे चतुर. कुठलीही आई हेच म्हणेल, पिंजऱ्यातल्यासुद्धा; त्याही अंड्यांसाठी दुसऱ्याचं रक्त मागताना कुणाला विचारत नाहीत. सगळ्याच बरोबर आहेत, आणि म्हणूनच कुठंतरी काहीतरी उपाशी राहतंय. गुंडीचा गाल ढिला पडला, ओठांतून दुधाचा एक थेंब निसटला आणि तिच्या मनगटावर सुकला.

सकाळी पहिलं दार, आरसा, दुसरं दार, आणि खोलीत पाऊल टाकताच तिला कळलं की काहीतरी बिघडलंय. सूर चढा होता. माद्या त्यांच्या त्या एका पिंजऱ्याच्या तिच्या बाजूच्या जाळीला येऊन चिकटल्या होत्या, सगळ्या, एकमेकींवर, आणि जाळीच्या भोकांतून त्यांच्या सुयांसारख्या सोंडा बाहेर आल्या होत्या. ती श्वास सोडत होती त्या दिशेला सरकत होत्या. तिनं पिंजऱ्यात नजर टाकली. साखरपाण्याचा बोळा नव्हता. काल संध्याकाळी तिनंच काढून ठेवला होता, दुसऱ्या दिवशी रक्त द्यायचं असलं की काढतात तसा, हातांच्या सवयीनं. हातांना कुणी सांगितलंच नव्हतं की आता उद्या नाही. बोळा मोरीच्या कडेला वाळून चिपाड झाला होता. ती स्टुलावर बसली. यंत्र व्याही कालच बांधून घेऊन गेला होता, रक्ताची पिशवीही. काय बिघडलं? अर्ध्या तासात तर फ्रीझरमध्ये जायच्यात. भरलेल्या पोटी काय, रिकाम्या पोटी काय, गारठा सगळ्यांना सारखाच. असं तिनं स्वतःला समजावलं, दोनदा समजावलं, मोठ्या बाई समजावतील त्या सुरात. मग तिला दवाखान्यातली ती लांब खोली आठवली, पदरातला न उघडलेला डबा. आणि काल रात्री न जेवता झोपलेली गुंडी. यांनी दादाला मारलं होतं. यांनी नव्हे, यांच्यासारख्यांनी; या तर याच खोलीत जन्मल्या, हिच्याच हातचं कुटलेलं खाऊन वाढल्या, त्यांना ताप ठाऊक नाही की तळं. तिनं घड्याळ काढून ठेवलं, बाही खांद्यापर्यंत वर केली आणि पिंजऱ्याच्या कापडी बाहीतून हात आत सरकवला.

त्या आल्या. आधी दोन-चार, मग हातावर राखाडी लव उगवावी तशा. पांढऱ्या पट्ट्यांचे त्यांचे पाय, मागचे दोन वर उचललेले, लाडात आल्यासारखे. चुणचुण झाली, मग तीही थांबली. सूर हळूहळू उतरत गेला, एकेक करून, रडणारं मूल अंगाशी घेतल्यावर हुंदके देत देत गप्प होतं तसा, आणि खोली शांत झाली. बाळंतपणानंतर पहिल्यांदाच ती त्यांना हात देत होती. अंगात पान्हा दाटून आला. तिनं दुसऱ्या हातानं छाती दाबून धरली आणि जाळीतून बघत राहिली, पोटं लाल होताना. यातून आता अंडी होणार नाहीत. हे रक्त कशाच्याच कामाचं नाही. निव्वळ जेवण आहे हे, पुढचं काही न मागणारं. असं जेवण कुणी कुणाला दिलंय का कधी? एकेक जड होऊन उठली, जाळीला कलली, सुस्तावली. हात काढताना तिनं फुंकर घालून शेवटची हलवली. मग तिनं पिंजरे उचलले, एकेक, पोटाशी धरून, हेलकावा न देता, आणि फ्रीझरचं झाकण लावलं. थोड्या वेळानं कान लावून ऐकलं. यंत्राची घरघर तेवढी होती.

राहिल्या अंड्यांच्या पट्ट्या. ओल्या कागदावर घातलेली अंडी वाळवून ठेवलेली, तिळाहूनही बारीक, काळी. कोरडी राहिली तर महिनोन्‌महिने जिवंत राहतात, पाणी मिळालं की उठतात. शेगडीवर पातेल्यात पाणी उसळत होतं. एक पट्टी तिनं बोटांत धरली. दोन बोटांएवढी. पर्समध्ये पडलेल्या गुंडीच्या टोपीत ठेवली असती तर देवालाही कळलं नसतं. कधीतरी, तळ्याचं काही कळलं, कुणाला तरी हवी झाली, चुकलं असं निघालं, तर. एवढा एक तर. ती वाफेत उभी राहिली. आज संध्याकाळी आई विचारेल, संपली का ग. आणि ती म्हणेल, हो. आणि कपाटातल्या टोपीत ते हो खोटं होऊन पडलेलं असेल, वर्षभर, एक बशीभर पाण्याची वाट बघत, ज्या घरात गुंडी झोपते त्या घरात. तिला पालूबाई दिसत होत्या. चतुर दिसत होते. त्यांच्यासाठी तिच्याकडे नुसती हुरहुर होती. आणि हुरहुरीसाठी दुसऱ्या कुणाचा दादा पणाला लावायची तिची छाती नव्हती. तिनं पट्टी सोडली. कागद उकळत्या पाण्यात वळला, उलगडला, आणि काळे ठिपके पाण्यात सुटे होऊन फिरत राहिले. दोन दारांच्या मध्ये तिनं सवयीनं वळून आरशात पाठ बघितली. कुणी नव्हतं.

घरी पोचली तेव्हा दिवेलागण व्हायची होती. चपला काढल्या. आई गुंडीला कडेवर घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. "संपली का ग?" "संपली, आई." "सगळी?" "सगळी." पुढं काय होईल ते तिला सुचलं नव्हतं, इतकी वर्षं तो प्रश्न होता, उत्तरानंतरचं कुणी ठरवलंच नव्हतं. आईनं गुंडीला दुसऱ्या कडेवर घेतलं. मग तिची नजर लेकीच्या हातावर गेली. मनगटापासून कोपरापर्यंत तांबड्या गांधी उठल्या होत्या, एकमेकींत मिसळलेल्या. "हे काय?" "भुकेल्या राहिल्या होत्या," ती म्हणाली. "माझ्याकडून चुकून. मग तशाच कशा..." आता आई काय म्हणेल? गुंडी वाकली आणि एका गांधीवर बोट ठेवून बघू लागली. आईनं तो हात उजेडाकडे वळवून बघितला. "जेवल्या?" आईनं विचारलं. "हो." "हं," आई म्हणाली. पोरीला तिच्या कडेवर दिलं आणि आत गेली.

थोड्या वेळानं आतून खरवडल्यासारखा आवाज यायला लागला. ती गेली तर आई स्टुलावर चढलेली, हातात शिलाईच्या डब्यातला स्क्रूड्रायव्हर, आणि स्वयंपाकघराच्या जाळीच्या कोपऱ्यातला रंग खरवडतेय. "आई, पडशील!" "धर मग स्टूल. नुसती बघत काय उभी राहिलीस?" रंगाचे पापुद्रे ओट्यावर पडत होते, पांढरा, त्याखाली हिरवा, त्याखाली जुना निळा, दादाच्या वेळचा. पहिला स्क्रू कुरकुरला आणि सुटला. "काल सांगत होतीस ते ढब्बू येतील ना ग, पिंपातले?" आई दातांत स्क्रू धरून बोलली. "त्यांनी काय होत नाही म्हणालीस." "अजून तरी नाही." "अजून तरी!" आईनं तिची नक्कल केली, अगदी तिच्या सुरात. "बाई ग, शिकून तुम्हा लोकांना हो म्हणता येत नाही की नाही म्हणता येत नाही." चौकट सैल झाली, धुळीच्या लोंबत्या जळमटांसकट हातात आली, आणि संध्याकाळ एकदम अखंड होऊन आत शिरली, वाऱ्यासकट, दुसऱ्या घरांच्या फोडण्यांसकट. गुंडीनं वाऱ्याला डोळे मिटले. आईनं ट्यूबचं बटण दाबलं. ट्यूब दोनदा फडफडून लागली.

बराच वेळ कुणी आलं नाही. मग एक पतंग आला, तपकिरी, बेताचा, उगाच ओट्यावर आपटला, भिंतीवर आपटला आणि ट्यूबपाशी जाऊन टेकला. मागोमाग आणखी काही बारीकसारीक, नाव नसलेलं. पट्टीमागं काही हललं, की ट्यूबच थरथरली, सांगता आलं नसतं. तिघी माना उंचावून वर बघत होत्या. तिच्या हाताला भयंकर खाज सुटली होती, पण ती खाजवत नव्हती; उद्यापर्यंत गांधी बसतील, मग त्यांचं कुठं काही उरणार नाही. "पाऊ?" गुंडी पुटपुटली. "थांब," आजी म्हणाली, "भूक असली की येते." आणि वर बघता बघता पोरीचं तोंड आपलं आपणच उघडं पडलं होतं, ते बघून गुंडीच्या आईनं हळूच, डोळे वरून न काढता, पहिला घास आत सारला.